वाकडे काष्ठ, सरळ गुण

मनुष्याचा मूळ स्वभाव पालटता येतो काय, आणि येत नसेल तर उपदेश, संस्कार व साधना यांचे प्रयोजन काय, हा प्रश्न शास्त्रकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. परंतु तो खराखुरा उभा राहतो तो घरात. मुलगा हट्टी निघतो, सून अबोल असते, वडिलांचा राग साठी उलटली तरी ओसरत नाही. आणि मग कोणीतरी म्हणून जाते की, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. संस्कृतात ह्याच अर्थाचा श्वपुच्छोन्नामन न्याय आहे. शेपूट हाताने ताणून सरळ धरावे. हात सोडताच ते पुन्हा वळते. तेव्हा हा खटाटोपच व्यर्थ, असे त्या न्यायाचे तात्पर्य.

या न्यायात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे. शेपूट सरळ असले पाहिजे, हे ठरविले कोणी? त्या वाकडेपणाने कुत्र्याचे तर काही अडत नाही. सरळपणाचे माप आपण बाहेरून आणले, ते त्याला लागू पडले नाही, आणि दोष शेपटाला दिला. म्हणून स्वभावाचा विचार करताना ह्याहून चांगला दृष्टान्त शोधला पाहिजे. ज्यात वाकडेपणाही असेल आणि त्याला काही कार्यही असेल. असा दृष्टान्त धनुष्याचा आहे. त्यातही, रानातून आणलेल्या, जन्मतःच वेड्यावाकड्या वाढलेल्या लाकडापासून केलेल्या धनुष्याचा.

श्रीमद्भगवद्गीतेत आर्जव हा गुण तेराव्या, सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या अध्यायांत सांगितला आहे. ऋजु म्हणजे सरळ, त्याचा भाव तो आर्जव. श्रीशंकराचार्यही तेराव्या अध्यायाच्या भाष्यात त्याचा अर्थ सरळपणा, वक्रतेचा अभाव, असाच देतात. आता मौज अशी की, हा उपदेश ज्याला चालला आहे तो धनुर्धर आहे. ज्याच्या हातातले साधन वाकल्यावाचून कामच करीत नाही, त्याला अवक्रतेचा उपदेश! शब्दावर थांबणाऱ्याला येथे विरोध वाटेल. धनुष्याची घडण जाणणाऱ्याला वाटणार नाही.

धनुष्याच्या अंगांची नावे अमरकोशात दिली आहेत. टोकाला कोटि किंवा अटनी म्हणतात, मध्यावर धरण्याच्या जागेला लस्तक, म्हणजे आपली मूठ. दोरीला मौर्वी, ज्या, शिंजिनी अशी नावे आहेत आणि आणखी एक नाव आहे: गुण. सत्त्वादि गुण, दया-दाक्षिण्यादि गुण, आणि धनुष्याची दोरी, या तिन्हींना संस्कृत भाषा एकच शब्द वापरते. कवींनी या श्लेषावर पुष्कळ कोट्या केल्या. परंतु त्यात कोटीपेक्षा अधिक काही आहे. धनुष्याचे काष्ठ वाकडेच असते, त्याचा गुण तेवढा सरळ असतो. दोन कोटींमध्ये ताणलेली ती दोरी ही त्या साऱ्या वस्तूतील एकमेव सरळ रेषा. आणि बाण जातो तो काष्ठाच्या आकाराने नव्हे, तर त्या गुणाच्या बळाने.

धनुष्ये कशाची करीत? कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, ताल, चाप म्हणजे एका जातीचा वेळू, दारव म्हणजे लाकूड आणि शार्ङ्ग म्हणजे शिंग, अशी चार द्रव्ये सांगून कार्मुक, कोदंड, द्रूण व धनुष् ही नावे दिली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, वेळू आणि स्नायू यांचा उल्लेख आहे. मूर्वेची म्हणून ती मौर्वी. (हा ग्रंथ कित्येक शतके केवळ नावाने ठाऊक होता. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात पंडित शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. कर्नाटकाचे हे ऋण सर्व भारतावर आहे.) सातपुड्यातील भिल्ल बांधवांचा कामठा आजही बांबूचा असतो आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवटीची असते. लाकडांमध्ये सह्याद्रीच्या रानातील धामण या कामी प्रसिद्ध. तिचे लाकूड चिवट व लवचीक. गाडीच्या दांड्यांना, अवजारांच्या मुठींना आणि धनुष्याला ते वापरीत आले. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, आणि धन्व म्हणजे धनुष्य.

आता रानातले झाड काही सुताराला विचारून वाढत नाही. डोंगराच्या उतारावर उगवलेले रोप आधी उताराच्या बाजूस झुकते आणि मग आकाशाकडे वळते. शेजारच्या मोठ्या वृक्षाची सावली पडली की उजेड शोधीत बाजूस सरकते. वारा एकाच दिशेने वाहत असला तर त्याच्याशी झगडत झगडत वाढते. आधुनिक काष्ठविज्ञान सांगते की, झुकलेला वृक्ष स्वतःला सावरण्यासाठी निराळ्या प्रकारचे लाकूडच तयार करतो: रुंद पानांच्या वृक्षांत ते झुकावाच्या वरच्या अंगास होते आणि बुंध्याला वर खेचते; देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत ते खालच्या अंगास होते आणि बुंध्याला खालून रेटते. म्हणजे ज्याला आपण वाकडेपणा म्हणतो तो पुष्कळ वेळा त्या झाडाने उभे राहण्यासाठी केलेल्या धडपडीचा लेख असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे वाकड्या लाकडाकडे, आणि वाकड्या माणसाकडेही, पाहण्याची दृष्टी थोडी निवळते.

असे लाकूड कारागिराच्या हाती आले की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग सोपा. वाकस घ्यावी, बाहेर आलेली वळणे तासून टाकावी, रंधा मारावा, आणि फूटपट्टीसारखा सरळ दांडा करावा. दिसायला तो दांडा निर्दोष दिसतो. परंतु लाकूड म्हणजे लांबच लांब तंतूंची मोळी आहे. तंतू वळणावळणाने गेलेले असताना दांडा सरळ तासला, तर प्रत्येक वळणावर तंतू आडवे कापले जातात आणि टोकापासून टोकापर्यंत अखंड गेलेला असा एकही तंतू उरत नाही. धनुष्य ओढले की त्याच्या पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब. पाठीवरचा तंतू जेथे तुटलेला असेल तेथे चीर उठते, आणि तो सुंदर सरळ दांडा पहिल्या-दुसऱ्या ओढीतच मोडतो.

दुसरा मार्ग जाणत्यांचा. साल काढल्यावर जो बाहेरचा थर लागतो त्याच्या पृष्ठभागाला हत्यार लावायचे नाही. तीच धनुष्याची पाठ. तंतू जिकडे वळेल तिकडे धनुष्याची कडही वळवायची. लाकूड नागमोडी असेल तर धनुष्यही नागमोडी. जे काही कमी करायचे ते पोटाच्या बाजूने. इंग्लंडच्या राजाचे ‘मेरी रोज’ नावाचे युद्धनौका-जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रतळावरून वर काढण्यात आले; त्यात यू नावाच्या वृक्षाची दीडशेहून अधिक धनुष्ये सापडली. त्यांवर लाकडाच्या गाठी तासून सपाट केलेल्या नाहीत. गाठीभोवती लाकूड जरा अधिक राखलेले आहे. गाठ ही दुबळी जागा. ती तासून नाहीशी होत नाही, उलट तेथेच मोड होतो. तिला भोवतालचा आधार द्यावा लागतो. मनातल्या गाठीविषयीही घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बंगळूर नगरीच्या आग्नेय भागात कोरमंगला ही वसाहत आहे. तिचे आखीव विभाग क्रमांकांनी ओळखले जातात. १९९७ साली कर्नाटकात राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या, त्या वेळी खेळाडूंसाठी उभारलेली वसाहतही तेथेच आहे. संगणकाच्या व्यवसायामुळे गेल्या काही दशकांत देशाच्या सर्व प्रांतांतून सुशिक्षित कुटुंबे तेथे आली, त्यांत महाराष्ट्रातील घरेही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाचे वादळ झाले की शहरातील झाडांच्या फांद्या रस्त्यांवर मोडून पडतात, आणि त्यांतील वेड्यावाकड्या फांद्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. अशा ठिकाणचे एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. थोरला मुलगा सरळ वाटेने शिकला, नोकरीस लागला. धाकटा तसा नाही. पुस्तकात त्याचे मन रमत नाही. मोडलेला पंखा मात्र तो तासन्‌तास खोलून बसतो. चारचौघांत तो बोलत नाही. वडील सज्जन आहेत, मुलाचे हितच इच्छितात. आणि भोवताली प्रत्येक घरी एकच फूटपट्टी टांगलेली आहे. शिकवण्या लागतात, तुलना सुरू होते, वाकस चालू लागते. काही काळ मुलगा सरळ दिसतो देखील. पुढे कधीतरी आयुष्याचा पहिला खरा ताण येतो, आणि मग ज्या ठिकाणी तंतू कापले गेले होते त्याच ठिकाणी चीर जाते: घराशी बोलणे तुटते, कामावरचे मन उडते, किंवा काहीच न करता तो नुसता बसून राहतो. ‘एवढे केले, तरी असा कसा निघाला?’ हा वडिलांचा प्रश्न खोटा नसतो. त्याचे उत्तर मात्र त्या ‘एवढे केले’मध्येच असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या तेहेतिसाव्या श्लोकात भगवंतांनी हेच मोठ्या स्पष्टपणाने सांगितले आहे. ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीला अनुसरूनच वागतो; सर्व प्राणी प्रकृतीच्या मार्गाने जातात; तेथे केवळ दडपून टाकण्याने काय साधणार? हा श्लोक वाचून काही लोक फार लवकर समाधान पावतात. ते म्हणतात, बरे झाले. आमचा रागीटपणा ही आमची प्रकृती, आमचा लोभ ही आमची प्रकृती. भगवंतांनीच सोडचिठ्ठी दिली. या मंडळींनी पुढचा, चौतिसावा श्लोक वाचलेला नसतो. त्यात म्हटले आहे की, प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष दबा धरून बसलेले असतात. त्यांच्या अधीन होऊ नये, कारण ते वाटमारे आहेत. हे दोन श्लोक एकमेकांना लागून आले आहेत ते उगाच नव्हे. पहिल्याने जे राखायचे ते सांगितले, दुसऱ्याने जे सोडायचे ते. दोन्ही मिळून एकच उपदेश होतो, आणि त्यांतील एकच उचलणाऱ्याची फसगत होते: पहिला उचलणारा शिथिल होतो, दुसराच उचलणारा वाकस घेऊन बसतो.

राखण्याचे कोणते आणि सोडण्याचे कोणते, हे ओळखावे कसे? येथे धनुष्यकाराची परीक्षा उपयोगी पडते. तो धनुष्य उभे धरून प्रत्यंचेच्या बाजूने डोळा लावून पाहतो. लाकडाला किती वळणे आहेत, हे तो मोजत नाही. वरची कोटि, खालची कोटि आणि मधली मूठ, हे तीन बिंदू एका रेषेत येतात की नाही, एवढेच पाहतो. एक वळण डावीकडे आणि दुसरे उजवीकडे जाऊनही दोरी जर मुठीच्या मधून जात असेल, तर ती वळणे राहू द्यावीत. ती धनुष्याची शोभा आहेत. परंतु दोरी मुठीच्या बाहेर पडत असेल, तर लाकूड दिसायला कितीही सरळ असो, ते धनुष्य ओढताच हातात फिरते आणि दोरी निसटते. अशा धनुष्याला क्षमा नाही. आपल्या परंपरेने मन, वाणी आणि कृती यांच्या एकरूपतेलाच सरळपणा म्हटले आहे. तेही तीनच बिंदू आहेत. धाकटा मुलगा अबोल आहे, हे वळण झाले. परीक्षेत मिळालेले गुण तो वडिलांपासून लपवितो आणि खोटे सांगतो, ही दोरी बाहेर पडली. पहिल्याला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्याला लावलाच पाहिजे, आणि मुलगा कितीही लाडका असला तरी लावला पाहिजे.

ह्या दुसऱ्या चुकीचे उदाहरण महाभारतात धृतराष्ट्राचे आहे. उद्योगपर्वात विदुराने त्याला रात्रभर नीती सांगितली. अखेर धृतराष्ट्र काय म्हणतो? तू म्हणतोस ते मला पटते, माझे मन पांडवांकडे वळते. परंतु दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरते. राजाला धर्म कळत नव्हता असे नाही. विदुरासमोर मन एकीकडे होते, पुत्रासमोर कृती दुसरीकडे गेली. दोरी मुठीच्या बाहेर होती, आणि तिच्याकडे पाहून ‘दैव बलवत्तर’ असे म्हणत बसण्याची त्याला सवय झाली होती. पुत्राचा स्वभाव म्हणून त्याने जे जे पोटात घातले, ते स्वभावाचे वळण नव्हते; तो द्वेष होता.

मग दोरीच्या बाहेर गेलेले लाकूड कसे आणतात? बळाने नव्हे, कोरडे लाकूड बळाने वाकविले तर तडकते. त्याला ऊब द्यावी लागते. वाफेने लाकडातील तंतूंना जखडून ठेवणारे द्रव्य मऊ पडते आणि तंतू न तुटता एकमेकांवरून किंचित सरकू शकतात. इंचभर जाडीला सुमारे तासभर वाफ, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब असतो. मग सावकाश वळवून, साच्याला बांधून, पुरते निवेपर्यंत तसेच ठेवावे लागते. निवण्यापूर्वी सोडले तर ते पूर्वपदावर जाते. आपल्याकडे उष्णतेच्या आणि आत्मशुद्धीच्या साधनेला तप हा एकच शब्द आहे. सतराव्या अध्यायात आर्जव शारीर तपात गणलेले आहे, ते याच दृष्टीने वाचावे. घरात हे तप प्रथम वडीलधाऱ्यांना करावे लागते. मुलाला खोटे बोलू नकोस असे सांगणारा पिता, दारी आलेल्या माणसाला ‘बाबा घरी नाहीत’ असे त्याच मुलाकडून सांगवीत असेल, तर तेथे वाफ कोठून येणार?

रेषा जुळली तरी काम संपत नाही. उलट खरे काम पुढेच आहे. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला आडवे टांगून दोरी थोडी थोडी ओढतात. आधी दोन-चार बोटे, पुष्कळ वेळा. मग आणखी थोडी. प्रत्येक वेळी दुरून पाहतात की, कोणता भाग वाकतो आणि कोणता ताठ राहतो. आणि येथे एक नियम आहे, तो नवशिक्याला फार उलटा वाटतो. जो भाग अधिक वाकतो, जो दुबळा आहे, त्याला कानस लावायची नाही. कानस लावायची ती ताठ भागाला. ताठ भाग वाकत नाही म्हणून सगळा भार दुबळ्यावर पडतो. ताठपणा कमी केला की दुबळ्याची सुटका आपोआप होते. आपल्या घरांतून बहुधा ह्याच्या उलट चालते. जो आधीच वाकतो त्यालाच ‘आणखी थोडे सांभाळून घे’ असे सांगितले जाते. सासूचा ताठा तसाच राहतो आणि सून झिजते. किंवा मुलाचा ताठा तसाच राहतो आणि म्हातारी आई झिजते. जाणता कारागीर अशा वेळी ताठ बाजूकडे जाऊन उभा राहील.

ह्या कामात आणखी एक गोष्ट दिसते. सरळ लाकडाचे धनुष्य ओढले असता त्याचा बाक डौलदार, एकसारखा असतो. वाकड्या लाकडाचे तसे नसते. मुळातच आत वळलेला भाग ओढल्यावर अधिक वळलेला दिसणारच आणि मुळात बाहेर वळलेला भाग जेमतेम सपाट होणार. कारागिराने दोन्ही भागांना एकच आकार द्यायचा हट्ट धरला, तर एका भागावर भलताच भार येईल. त्याने पाहायचे असते ते एवढेच की, प्रत्येक भाग आपापल्या जागेवरून सारखे कष्ट घेत आहे किंवा नाही. दोन मुलांना सारखे वागविणे म्हणजे दोघांना एकाच साच्यात बसविणे नव्हे, हे तत्त्वतः सर्वांना मान्य असते; पंगतीत पाहुण्यांनी ‘धाकटे चिरंजीव काय करतात?’ असे विचारले की ते विसरले जाते.

ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरीचा समारोप करताना विश्वात्मक देवाकडे जे मागणे मागितले, त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांची वक्रता गळून पडो, एवढेच मागितले आहे. तेथे योजलेला ‘व्यंकटी’ हा शब्द फार नेमका आहे. माणूस राहायचा आहे, जायची आहे ती त्याची व्यंकटी. आणि ती गेल्यावर त्याला सत्कर्मात गोडी लागावी, हेही लगेच पुढे मागितले आहे. म्हणजे वाकडेपणा काढून लाकूड नुसते बाजूला ठेवायचे नाही, त्यावर गुण चढवायचा आहे.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील बेचाळिसाव्या अध्यायात मथुरेच्या राजरस्त्यावर श्रीकृष्णाला एक स्त्री भेटते. तिचे शरीर तीन ठिकाणी वाकलेले. म्हणून तिला त्रिवक्रा म्हणत. कंसाच्या घरी उटणी व चंदन नेण्याचे तिचे काम. श्रीकृष्णाने ते चंदन मागितले आणि तिने आनंदाने दिले. ह्या कथेतील क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. भगवंतांनी तिला आधी सरळ करून मग तिची सेवा घेतली नाही. ती वाकलेली असतानाच तिच्या हातचे चंदन अंगाला लावून घेतले. मग तिच्या पायाच्या चवड्यांवर आपले पाऊल ठेवले, हनुवटीखाली दोन बोटे लावली आणि तिला हलकेच वर उचलले. खाली पाय घट्ट टेकलेला आणि वर केवळ दोन बोटांचा आधार. एवढ्यानेच ती सरळ झाली. तिने श्रीकृष्णाला घरी येण्याचा आग्रह केला, तेव्हा नंतर येईन असे वचन देऊन तो बाजारपेठेतून पुढे निघाला आणि धनुष्य कोठे ठेवले आहे, हे नागरिकांना विचारू लागला.